काकोसांनी 'नको' म्हटलं तर

"इथे गाड्या घेऊन यायचंच कशाला?" मावशीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. प्रश्न भाच्याला होता, पण खाटांवर बसून बुटांतली वाळू झटकणारे आम्ही सगळेच गप्प झालो. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि ते चटकन मिळण्यासारखं नव्हतं.

मावशी सोलापूरची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं आणि सुट्ट्या गेल्या नान्नजच्या माळावर, गवतं ओळखण्यात. भाचा पुण्याचा. दर हिवाळ्यात तो थरच्या वाळवंटात मोटारसायकलस्वारांच्या तुकड्या नेतो, डांबरी रस्ता सोडून. सोलापुरात आता दिसेनासा झालेला माळढोक जैसलमेरला दिसेल या आशेने मावशी या खेपेला मागच्या जीपमध्ये बसून आली होती. मी तुकडीत गाडी चालवत होते आणि दोघांनाही बऱ्याच वर्षांपासून ओळखते. रामगढच्या अलीकडे एका ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मुक्काम होता. वाटाडे त्याच ढाणीतले, साठीच्या घरातले. त्यांना सगळे काकोसा म्हणतात. आमच्या भारी भारी गाड्यांपुढे ते स्वतःची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल चालवतात, मागे पाण्याचा कॅन बांधून, आणि वाळूच्या टेकड्यांवर, इथल्या भाषेत धोऱ्यांवर, आमच्यापैकी एकालाही ती गाडी गाठता येत नाही.

भाचा : तू माळावर कशाला जायचीस? त्यासाठीच मी इथे येतो.

मावशी : मी पायी जायचे.

भाचा : पायी इथे दिवसभरात एक धोरा ओलांडून होईल. पूर्वी उंटावरून जायचे लोक. आता उंटच कुठे राहिलेत? २०१२च्या पशुगणनेत देशात चार लाख होते, २०१९मध्ये अडीच लाखांवर आले. राजस्थानने उंटाला राज्यप्राणी केलं, कायदा केला, तरी घसरण चालूच आहे. जीप म्हणशील तर ती सम गावाच्या रस्त्यालगतच्या धोऱ्यांवर गोल गोल फिरते आणि परत येते. एका माणसाला एका अरुंद वाटेने आतपर्यंत नेणारी मोटारसायकलच आहे.

मावशी : आत म्हणजे कुठे? दुपारी तुझे दोन पाहुणे बोलत होते ते ऐकलंस ना? इथे काहीच नाही, हवी तिकडे गाडी सोडावी म्हणून.

भाचा : नवे आहेत ते. पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं.

मावशी : वाटतं तिथेच तर घोटाळा आहे. पुण्याहून येणाऱ्याला इथे काही दिसत नाही, म्हणून तो म्हणतो काही नाही. जैसलमेर जिल्हा अडतीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०११च्या जनगणनेत चौरस किलोमीटरमागे सतरा माणसं होती. सतरा कमी वाटतात तुला. पण वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे सतरा माणसं आणि त्यांची शेळ्यामेंढरं, गाई जगायच्या तर इंच न् इंच जमीन वापरात असते. ज्याला तुम्ही मोकळं म्हणता ते कुणाचं तरी गायरान असतं, कुणाचं ओरण असतं, नाहीतर तळ्याचा पाणलोट, आगोर.

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. आपल्याकडच्या देवराईसारखंच, फक्त इथे झाडी विरळ आणि पसारा प्रचंड. झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही, पण गुरं चरायला मोकळीक. माळढोक, ज्याला इथे गोडावण म्हणतात, तो अशा गवताळ रानांवरच तग धरून आहे. सरकारी कागदांवर यातली कितीतरी जमीन 'पडीक' म्हणून नोंदलेली असल्याने ती सौर आणि पवनचक्क्यांच्या प्रकल्पांना देणं सोपं गेलं. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांची नोंद करायला सांगितलं, ते गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यानंतर.

प्रकल्पांचा हा विषय भाच्याने लगेच उचलला.

भाचा : मग बघ ना, खरं नुकसान कोण करतंय? माळढोक मरतो विजेच्या तारांना धडकून. एवढा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, २०२४मध्ये त्यात पुन्हा सवलत देऊन समिती नेमली. शेकडो किलोमीटरच्या तारा एका बाजूला आणि माझ्या आठ-दहा मोटारसायकली दुसऱ्या बाजूला. तू मला धरून बसलीस.

मावशी : तारा लावणारा माझा भाचा नाही.

यावर भाचा हसला, पण मावशी हसली नाही. तिने जे म्हटलं ते तिला तसंच म्हणायचं होतं. जे आपल्या माणसाच्या हातात आहे तेवढं तरी नीट व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. मला ते पटलं. मोठ्या नुकसानीकडे बोट दाखवून आपलं लहान नुकसान झाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोऱ्याच्या पायथ्याशी येऊन बसली. भाच्याने सगळ्यांना टायरमधली हवा काढायला लावली होती, साधारण तिशीवरून पंधरा पीएसआयपर्यंत. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि भार वाटला जातो. फार कमी केली तर टायर रिमवरून सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो, म्हणून रिमलॉक लागतो. मग उभं राहून चालवायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, वजन मागे ठेवायचं म्हणजे पुढचं चाक हलकं राहतं. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. थ्रॉटल एकसारखा ठेवायचा. हँडल हलतं, चाक डावीउजवीकडे पळतं, ते पळू द्यायचं. नजर चाकापुढच्या वाळूवर गेली की गाडी तिथेच रुतते. नजर लांब, जायचं त्या जागी हवी. पहिला तास शरीर याला विरोध करतं. रस्त्यावर शिकलेली प्रत्येक सवय इथे उलटी पडते. आणि मग एका क्षणी गाडी वाळूच्या वर येते, हँडल शांत होतं, इंजिनाचा सूर बदलतो. त्या आनंदासाठी लोक पुण्या-मुंबईहून इतक्या लांब येतात. त्याबद्दल मला कुणापुढेही संकोच वाटत नाही.

मावशी : हे तंत्र झालं. यात वाटाड्या कशाला लागतो? तू शिकवतोसच की.

भाचा : वर चढेपर्यंत माझं काम. माथ्यावर काकोसांचं.

इथे तो जे बोलला ते मी जसंच्या तसं मांडण्याचा प्रयत्न करते, कारण मार्गदर्शकासह वाळवंटात गाडी चालवणं म्हणजे काय, हे मला त्यातून कळलं. थरमध्ये वाळू हलवणारा जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो. त्यामुळे धोऱ्याचा नैऋत्येकडचा चढ लांब, सौम्य आणि वाळू दाबून बसलेली असते. माथ्यापलीकडे वाळू निसटून पडते. तिथला उतार तीस-चौतीस अंशांचा आणि वाळू भुसभुशीत. नवखा माणूस चढाच्या जोरावर थेट माथा ओलांडतो आणि पुढे जमीनच नसते. म्हणून नियम असा की माथ्याच्या अलीकडे गाडी उताराला आडवी करून थांबवायची, उतरायचं, चालत जाऊन पलीकडे बघायचं. काकोसा हे प्रत्येक धोऱ्यावर करतात. रोज ज्या धोऱ्यावरून जातात त्यावरही करतात.

मावशी : रोजच्या धोऱ्यावर कशाला? त्यांना उतार माहीत असतो.

भाचा : उतारासाठी नाही. वारा सुटला की गुराखी पलीकडच्या अंगाला आडोशाला बसतो. मेंढरंही तिथेच बसवतो. वरून गाडी पडली तर ती वाळूत नाही पडणार.

मावशी काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने काकोसांना विचारलं की असं कधी झालंय का. काकोसा म्हणाले, शहरातून वाटाड्याशिवाय येणारे येतात, आवाज दोन धोऱ्यांपलीकडून ऐकू येतो, आम्ही पोरांना त्या दिवशी आडोशाला बसू देत नाही. उन्हात, वाऱ्यात उघड्यावर बसवतो.

दुपारी बाराच्या सुमाराला काकोसा गाड्या थांबवतात. सूर्य डोक्यावर आला की वाळूवर सावली उरत नाही, चढउतार डोळ्यांना सपाट दिसतात. अपघात तेव्हाच होतात. सकाळी वाळू गार आणि किंचित घट्ट असते, तेव्हाचा प्रवास सगळ्यांत चांगला. पाणी प्रत्येकाजवळ किमान चार लिटर. पुढे काकोसा, शेवटी भाचा, मधल्या प्रत्येकाने मागच्याची गाडी नजरेत ठेवायची, मागचा दिसेनासा झाला तर थांबायचं. इतकंच. लिहायला सोपं आहे.

त्या दिवशी एकाची गाडी रुतली. त्याने थ्रॉटल पिळला आणि मागचं चाक ॲक्सलपर्यंत खाली गेलं, क्लचचा जळका वास सुटला. काकोसांनी त्याचा हात थ्रॉटलवरून बाजूला केला, इंजिन बंद केलं, गाडी अलगद एका कुशीवर आडवी केली. चाकाने खणलेला खड्डा पायाने वाळू सारून बुजवला, गाडी परत उभी केली, पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्या शेजारून चालत चालत तिला बाहेर काढली. सगळं मिळून दोन मिनिटं. त्याआधी दोघेजण ती मागून ढकलत घाम गाळत होते.

मावशीचं लक्ष मात्र खड्ड्याकडे होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने वाळूतून लाकडासारखी तपकिरी दोरी उचलून धरली. फोगचं मूळ होतं, चाकाने सोललेलं. झुडूप तिथून पाचेक पावलांवर.

मावशी : हा तिकडे का गेला?

भाचा : झुडपाजवळ वाळू घट्ट असते. रुतणारा माणूस आपोआप तिकडे वळतो.

मावशी : घट्ट का असते? याच मुळांनी धरून ठेवलेली असते म्हणून. फोगला पानं नसल्यासारखीच, हिरव्या काड्या. मुळं मात्र लांब लांब पसरलेली. धोरा जागेवर राहतो तो या झुडपामुळे आणि सेवण गवतामुळे. कळ्यांचा रायता करतात इथे, उंट काड्या खातो, आणि कोळशासाठी मुळं खणून खणून लोकांनी निम्मं रान उजाड केलं. आता तुमची चाकं.

भाचा : वाळूवरची चाकोरी रात्रीतून पुसते, मावशी. उद्या सकाळी इथे काही दिसणार नाही.

मावशी : वाळूवरची पुसते. ये माझ्याबरोबर.

तिने आम्हाला धोऱ्यांच्या मधल्या कडक जमिनीवर नेलं. मोटारसायकलवाल्यांना हीच जागा आवडते. वाळूतून सुटका होते, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला जाते, माणूस मोकळा श्वास घेतो. मावशी खाली वाकून चालत होती आणि एका ठिकाणी थांबली. मला आधी काहीच दिसलं नाही. तिने बोटाने दाखवलं तेव्हा दिसलं : मातीत तळहाताएवढी अर्धचंद्राकृती बुजवलेली जागा, आजूबाजूच्या मातीहून किंचित वेगळ्या पोताची. सांड्याचं बीळ. हा काटेरी शेपटीचा सरडा थंडीत झोपी जातो आणि आतून मातीचा बोळा लावून तोंड बंद करतो. भुसभुशीत वाळूत बीळ टिकत नाही, म्हणून तो कडक जमीनच निवडतो. शोधल्यावर आणखी बिळं दिसली, जवळजवळ, एकाच पट्ट्यात. त्या पट्ट्यातून एक जुनी टायरची खूण सरळ गेली होती.

मावशी : ही खूण कधीची?

काकोसा म्हणाले, गेल्या हिवाळ्यातली. आमची नाही.

मावशी : बघ. एक पावसाळा गेला तरी आहे. अमेरिकेत मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी जनरल पॅटनने रणगाड्यांचा सराव घेतला होता. १९४२ची गोष्ट. त्या रणगाड्यांच्या खुणा आजही दिसतात. कोरड्या जमिनीचं असंच असतं; तिला बरं व्हायला पाणी लागतं आणि पाणीच नसतं. तिथे १९७२मध्ये निक्सनच्या आदेशाने ठरलं की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही, हे आधी आखून द्यायचं. आपल्याकडे कुणी आखलंय?

भाचा : राष्ट्रीय मरुउद्यानाच्या हद्दीत मी जात नाही. सीमेजवळ परवान्याशिवाय जात नाही.

मावशी : ते कायदा म्हणतो म्हणून. हा पट्टा उद्यानात नाही. इथला सांडा उद्यानाबाहेरचा, म्हणून कमी सांडा आहे का?

या ठिकाणी मला मावशीची बाजू पूर्ण पटली. धोरा आणि कडक जमीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या, उघड्या धोऱ्यावर गाडीने फारसं बिघडत नाही. सेवणाच्या गवतात, फोगच्या झुडपांत आणि सांड्यांच्या पट्ट्यात बिघडतं, आणि तिथेच स्वाराला गाडी सोडावीशी वाटते. भाच्याच्या धंद्यातल्या कितीजणांना हा फरक माहीत आहे, हा मला पडलेला प्रश्न.

रात्री जेवताना मात्र बाजू फिरली, आणि ती मावशीनेच फिरवली. भाचा म्हणाला, "म्हणजे तुझ्या मते सगळं बंदच करायला हवं." त्यावर ती म्हणाली, "मी बंदी पाहिली आहे."

मावशी : १९७९मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा. माणसाला स्वतःच्या जमिनीवर विहीर काढायची तरी परवानगी, घर बांधायचं तरी परवानगी. लोक माळढोकाचं नाव काढलं की चिडायचे. ज्या धनगरांनी तो पक्षी पिढ्यान् पिढ्या शेजारी म्हणून पाहिला होता, त्यांना तो वैरी वाटायला लागला. २०१२मध्ये ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी, तेही उघड्या जमिनीवर. त्याला राखायला आजूबाजूची माणसं आपलीशी लागतात. ती आपण गमावली.

भाचा : मग माझं म्हणणं तेच आहे ना. काकोसांचा नातू इथेच राहील का? राहिला तर कशाच्या जोरावर? उंट गेले. पवनचक्कीवर रखवालदाराची नोकरी मिळते ती कंत्राटी. माझ्यामुळे वर्षातले चार महिने या ढाणीत पैसा येतो. आणि जी पोरं सी. एस. संतोषला २०१५मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणून पाहून, २०२४मध्ये हरिथ नोआ आपल्या वर्गात पहिला आलेला पाहून मोटारसायकली घेतात, ती कुठेतरी जाणारच. मी नेलं नाही तर एकटी जातील.

मावशी : रॅली वेगळी.

भाचा : हो, वेगळीच. तिएरी साबिन १९७७मध्ये अबिजान ते नीस शर्यतीत वाळवंटात भरकटला, मरता मरता वाचला, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने पॅरिस-डाकार सुरू केली. हरवण्याची धुंदी होती ती. मला कुणाला हरवू द्यायचं नाही. लोंगेवालाला १९७१च्या डिसेंबरात पाकिस्तानचे रणगाडे रात्रीतून आले आणि वाळूत फसले. उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते टिपले. एवढी मोठी फौज, पण वाळू माहीत असणारं कुणी पुढे नव्हतं. सीमा सुरक्षा दलाला हे पुरतं ठाऊक आहे. कुंपणालगतची पट्टी रोज सारखी करतात आणि सकाळी खोजी ठसे वाचतो. कोण आला, किती वजनाचा, ओझं होतं का.

मावशी : आणि तुम्ही त्या माणसांच्या जमिनीवर ठसे उमटवत जाता.

भाचा : म्हणून एकामागोमाग एक, एकाच चाकोरीतून. काकोसांच्या चाकातून माझं चाक.

हे खरं होतं. मी पाहिलं होतं. कडक पट्ट्यावरून जाताना काकोसा हात वर करतात, वेग पहिल्या गिअरवर येतो आणि सगळी रांग त्यांच्या एका रेषेवरून जाते. ती रेषा ते दरवेळी तीच धरतात, पूर्वीची उंटांची वाट. मावशीने दिवसभर मागच्या जीपमधून हे पाहिलं नव्हतं, कारण जीप फिरून डांबरी रस्त्याने येत होती. मी तिला सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या सकाळी जाऊन स्वतः ती रेषा पाहिली, बिळांपासूनचं अंतर पावलांनी मोजलं आणि आल्यावर फक्त "बरोबर आहे" म्हणाली.

मग तिने मोबाइलचा विषय काढला. एका पाहुण्याने सगळा मार्ग फोनमध्ये नोंदवून घेतला होता.

मावशी : हा मार्ग तो उद्या शंभरजणांना पाठवेल. ते येतील, काकोसांना न घेता. उंटांच्या वाटेची रेषा त्यांना मिळेल, पण कुठल्या महिन्यात ती सोडायची, हे फोन सांगणार नाही.

भाच्याने हे आधीच ओळखलं होतं. येणाऱ्याने मार्ग नोंदवायचा नाही, अशी अट तो घालतो, पण पाळली जातेच असं नाही. त्याने त्या पाहुण्याला बाजूला नेऊन बराच वेळ समजावलं. पाहुण्याने फोनमधली नोंद आमच्यासमोर पुसली, जरा नाराजीनेच.

त्या रात्री हिवाळी पाऊस झाला. इथे त्याला मावठ म्हणतात. जोर नव्हता, पण पहाटेपर्यंत भुरभुरत होता. सकाळी सगळे खूश. ओली वाळू घट्ट असते, गाड्या उडणार. आणि काकोसांनी सांगितलं, आज नको.

कारण आगोर. ढाणीच्या वरच्या अंगाला तळं आहे आणि पुढचा मार्ग त्याच्या पाणलोटाच्या कडेने जातो. या पाणलोटाला आगोर म्हणतात. तिथे लोक घाण करत नाहीत, उतार हाताने राखतात, पावसाळ्याआधी झाडून काढतात. कडक, जराशी चिकण जमीन, पाणी अलगद तळ्याकडे नेणारी. ती ओली असताना टायर गेला तर चर पडतो. चर वाळला की पक्का होतो आणि पुढच्या पावसात पाणी तळ्याकडे जायचं सोडून त्या चरातून बाजूला वाहून जातं. दोनशे मिलिमीटरच्या पावसात बाजूला गेलेलं पाणी परत मिळत नाही. अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूंदें' ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक असेल, या भागातल्या माणसांनी थेंबा-थेंबाची व्यवस्था कशी लावली आहे.

पाहुण्यांपैकी काहीजण कुरकुरले. सुट्टी काढून आलोय, पैसे भरलेत, एक दिवस वाया. भाचा ठाम राहिला. गाड्या उभ्याच राहिल्या. दुपारी मावशीने त्याला विचारलं, सगळ्यांसमोर, पण शांतपणे.

मावशी : काकोसांचं आजचं काय?

भाचा : म्हणजे?

मावशी : त्यांचे पैसे. गाड्या निघाल्या की मिळतात ना त्यांना?

भाचा : हो. रोजावर.

मावशी : म्हणजे आज 'नको' म्हटल्यावर त्यांचा रोज बुडाला. 'चला' म्हटलं असतं तर मिळाला असता.

भाचा गप्प झाला. मला वाटतं, त्या मुक्कामात त्याच्याकडे उत्तर नव्हतं असा हा एकच प्रश्न होता. काकोसा बाजूला बसून चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मावशी : त्यांचं सगळं मोल 'नको' म्हणण्यात आहे. चढ कसा चढायचा हे तू शिकवतोस. कुठे जायचं नाही, कधी जायचं नाही, हे तेवढं ते सांगतात. आणि नेमके त्याचेच पैसे तू त्यांना देत नाहीस. आज पाऊस उघड दिसत होता म्हणून त्यांना बोलता आलं. उद्या घरात अडचण असेल आणि गवतात माळढोक दिसला असेल, तर?

भाचा : दिले पाहिजेत. आजचे देतो.

मावशी : आजचे नाही. दरवेळचे. गाडी निघो न निघो.

भाचा : मावशी, मग पाहुणे मला परत मागतील. गाडी चालली नाही त्या दिवसाचे.

मावशी : त्यांना बुकिंग घेतानाच सांग. वाटाड्याने नको म्हटलं की नको, पैसे परत नाहीत.

भाचा : निम्मे येणार नाहीत.

मावशी : कशावरून?

भाच्याने वही काढली. जीपचं डिझेल, ढाणीतलं जेवण, पुण्याहून गाड्या आणणाऱ्या ट्रकचं भाडं, काकोसांचा रोज, सगळं मांडलं. तुकडीत दोन माणसं कमी धरली, मग तीन. दर थोडा वाढवून पाहिला. मावशी त्याच्या खांद्यावरून आकडे बघत होती आणि मध्येच विचारत होती की ट्रकऐवजी गाड्या जैसलमेरलाच का ठेवत नाही. काकोसांनी चहाचे पेले पुढे ठेवले आणि पहिल्यांदाच त्या बोलण्यात भाग घेतला. म्हणाले, गाड्या इथे ठेवायच्या असतील तर छपराचं मी बघतो, पण त्याचं भाडं वेगळं लिहा.

भाच्याने तो आकडा वहीत लिहिला आणि पुन्हा बेरीज करायला घेतली.